हिशेब करणारी वही

रायगड जिल्ह्यातील रामवाडीसारख्या गावी आषाढात पाऊस कोसळू लागला, की घरांच्या पन्हाळींतून पाणी धो धो वाहू लागते. समजा, तेथील एका विद्यार्थिनीने पाच दिवस पाऊस मोजला. तो ४२, १८, ५६, ० आणि ३० मिलिमीटर भरला. चौथा दिवस उघाडीचा होता. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. शाळेच्या छपराखालची जागा ६० चौरस मीटर. तेव्हा पाच दिवसांचे पाणी ८,७६० लिटर झाले पाहिजे. परंतु कच्च्या वहीतील आकडे पक्क्या वहीत उतरवताना तिच्या हातून ५६ चे ६५ झाले आणि उत्तर आले ९,३०० लिटर! कच्ची वही रद्दीत गेल्यावर ही चूक कोण पकडणार? त्या आकड्यावर विसंबून कोणी पाण्याची टाकी बांधली, तर तिचे मापही चुकायचे.

शास्त्रज्ञांनाही हीच अडचण येत असे. निरीक्षणे एका ठिकाणी, संगणकाला दिलेल्या आज्ञा दुसऱ्या ठिकाणी आणि निबंध तिसऱ्याच ठिकाणी! वाचकाच्या हाती पडे ते केवळ शेवटचे उत्तर. ही ताटातूट मिटावी म्हणून संगणकावर एक निराळी वही निर्माण झाली. तिच्या एका चौकटीत साधी वाक्ये लिहावीत, दुसरीत आकडे आणि आज्ञा मांडाव्यात. आज्ञा चालवताच उत्तर किंवा आलेख तेथेच खाली उमटतो. आकडा बदलून आज्ञा पुन्हा चालवली, की उत्तरही बदलते.

अशी वही १९८८ साली ‘मॅथेमॅटिका’ या प्रणालीत आली होती. पण ती विकत घ्यावी लागे. फर्नांदो पेरेझ यांनी २००१ साली आरंभिलेल्या कामातून २०११ मध्ये सर्वांना विनामूल्य वापरता येणारी वही तयार झाली. २०१४ पासून तिला ‘ज्युपिटर’ म्हणतात. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार उपग्रह पाहून वहीत त्यांची चित्रे व टिपणे शेजारी शेजारी नोंदली होती. त्या वह्यांना या नावाने वंदन केले आहे.

रामवाडीहून मुंबई फार दूर नाही. तेथे पवईच्या आय.आय.टी.तील ‘फॉसी’ या प्रकल्पात पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे अशा वह्यांत उतरवण्यात आली आहेत. छापील पुस्तकातील उत्तर मान्य करण्यावाचून गत्यंतर नसते. येथे मात्र विद्यार्थी ते स्वतः पडताळून पाहू शकतो.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’ वेधशाळांनी गुरुत्वीय लहर प्रथमच टिपली. अशा क्षीण संकेतांचा माग काढण्याच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील संजीव धुरंधर यांनी त्यापूर्वी अनेक वर्षे काम केले होते. २०१६ साली शोध जाहीर झाला, तेव्हा शास्त्रज्ञांनी मूळ आकडे आणि हिशेबाची वहीही जगापुढे ठेवली. ज्याला शंका असेल, त्याने खुशाल तपासावे!

तथापि या वहीतही एक खोच आहे. तिच्यातील चौकटी कोणत्याही क्रमाने चालवता येतात. आपल्या विद्यार्थिनीने वरच्या चौकटीत ६५ चे ५६ केले, पण खालची चौकट पुन्हा चालवली नाही, तर ९,३०० हे जुने उत्तर तसेच खाली राहील. म्हणून जाणती माणसे वही दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी सारी उत्तरे पुसून टाकतात आणि पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत हिशेब पुन्हा करवून घेतात.