वेब प्रकाशन: स्वतःचं दुकान, स्वतःचा माल

थर्ड इयर संपत आलं की आपल्या कॉलेजात एकच प्रश्न कानावर येतो, "पुण्याला कधी जाणार?" कॅम्पसमध्ये सिलेक्शन झालं तर पुणे, नाही झालं तर पुण्यात एखादा कोर्स. लातूरमध्येच राहून, कुणाची नोकरी न करता, आपल्या डिग्रीच्या जोरावर पोट भरता येईल का, ह्याचा विचार फारसा कुणी करत नाही. म्हणून ह्या वेळी मी वेब प्रकाशन हा विषय घेतला आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे लेखात इंग्रजी शब्द जास्त येतील. सांभाळून घ्या.)

वेब प्रकाशन म्हणजे स्वतःची वेबसाईट काढायची, तिच्यावर लोकांच्या उपयोगाचं नियमित लिहायचं आणि त्यातून उत्पन्न मिळवायचं. लेखक आपणच, संपादक आपणच आणि शिपाईही आपणच. वर्तमानपत्र काढायला प्रेस लागतो, कागद लागतो. इथे कॉम्प्युटर, इंटरनेट आणि चिकाटी लागते. पहिल्या दोन गोष्टी दुकानात मिळतात.

आता पैसे कुठून येतात ते पाहू. आपल्या मार्केट यार्डातली आडत सगळ्यांना माहीत आहे. शेतकरी सोयाबीन घेऊन येतो, आडत्या खरेदीदाराशी गाठ घालून देतो आणि आपली आडत घेतो. २००३ मध्ये सुरू झालेलं गूगलचं ॲडसेन्स वेबसाईटसाठी हेच काम करतं. आपण पानावर जागा द्यायची, जाहिरातदार गूगल शोधतं. जाहिरातीच्या शंभर रुपयांतले साधारण ६८ वेबसाईटवाल्याला मिळतात. आडत जरा जास्तच आहे! पण जाहिरातीसाठी गंजगोलाईत दुकानोदुकानी फिरावं लागत नाही. ॲडसेन्सने हिंदी भाषा डिसेंबर २०१४ मध्ये स्वीकारली आणि मराठी त्यानंतर काही वर्षांनी. त्याआधी मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्यांनी कितीही छान लिहिलं तरी हा रस्ता त्यांच्यासाठी जवळजवळ बंदच होता.

पण रस्ता उघडला म्हणजे गाडी भरून पैसे येतात असं नाही. एक हिशोब करून बघा. समजा पान १,००० वेळा वाचलं गेल्यावर ४० रुपये मिळतात (हा आकडा मी फक्त उदाहरणासाठी धरला आहे, विषयाप्रमाणे तो खूप बदलतो). ॲडसेन्स १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे देत नाही. सोयीसाठी ते ९,००० रुपये धरू. म्हणजे २ लाख २५ हजार वाचनं पाहिजेत. दर महिन्याला एवढे मिळवायचे तर रोज ७,५०० वाचनं! आता दुसरा हिशोब. त्याच विषयावर तुम्ही २०० रुपयांची एक चांगली पुस्तिका तयार केली आणि साईटवरून विकली, तर ९,००० रुपये व्हायला ४५ माणसं पुरतात. पेमेंट गेटवेचे दोन-अडीच टक्के जातील, तेवढंच. माझ्या मते ह्या धंद्याचं सगळं मर्म ह्या दोन हिशोबांत आहे. जाहिरात हे वरचं उत्पन्न समजायचं. खरं उत्पन्न आपल्या मालाचं असलं पाहिजे, मग तो माल पुस्तिका असेल, कोर्स असेल किंवा एखादं सॉफ्टवेअर.

ज्यांचं ह्या क्षेत्रात चांगलं चाललं त्यांनी हेच केलेलं दिसतं. अमित अगरवाल हे आयआयटी रुरकीचे इंजिनिअर. २००४ मध्ये नोकरी सोडून ते आग्र्याला परत गेले आणि 'डिजिटल इन्स्पिरेशन' हा ब्लॉग सुरू केला. भारतातले पहिले व्यावसायिक ब्लॉगर म्हणून त्यांचं नाव घेतात. आग्रा म्हणजे काही बंगलोर नव्हे, हे लक्षात घ्या. पुढे त्यांनी जीमेल आणि गूगल शीटला जोडून चालणारी छोटी सॉफ्टवेअर स्वतः तयार करून विकली. आपल्याकडे सलील चौधरी यांचं 'नेटभेट' आधी मराठी ब्लॉग होतं. वाचक जमले, मग त्यांना काय शिकायचं आहे ते कळलं आणि त्यातून मराठीत ऑनलाईन कोर्स चालवणारी संस्था उभी राहिली.

तिसरं नाव 'मायबोली'चं. अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून १९९६ च्या गणेश चतुर्थीला ही साईट सुरू केली. तेव्हा मराठी युनिकोडचा वापर कुठेच नव्हता, लोक रोमन अक्षरांत मराठी लिहायचे. तरी ती आजही चालू आहे. ह्याच काळात काय काय बंद पडलं बघा. फुकट जागा देणारं याहूचं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं आणि लाखो लोकांची पानं गेली. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलामुलींचे जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले. बंदी बरोबर की चूक हा वेगळा विषय. पण दुसऱ्याच्या जागेत दुकान टाकलं की घरमालक किंवा सरकार कधी कुलूप लावेल सांगता येत नाही. त्यामुळे इन्स्टाग्राम, यूट्यूब जरूर वापरा, पण फक्त पाटी लावायला. स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या, त्याला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत '.भारत' डोमेनही मिळतं. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, फक्त होस्टिंगचे पैसे भरावे लागतात.

एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी. डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका होतात ते जुने फॉन्ट वेबसाईटवर चालत नाहीत. त्यांत 'क' दिसतो, पण आतमध्ये साठवलेला असतो एखादा इंग्रजी कोड. गूगलला तो क कळत नाही, म्हणजे आपलं पान शोधणाऱ्याला सापडत नाही. युनिकोडमध्येच लिहा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड पंधरा दिवसांत हाताला बसतो.

आता सर्वांत अवघड प्रश्न, लिहायचं कशावर? बहुतेक जण 'टॉप टेन मोबाईल' पासून सुरुवात करतात आणि तिथेच बुडतात. असं लिहिणारे हजारो आहेत. शिवाय २०२४ पासून गूगल स्वतःच एआयने तयार केलेलं उत्तर सर्चच्या वर दाखवू लागलं. सर्वसाधारण माहिती तिथेच मिळाली तर वाचक आपल्या पानापर्यंत येईल कशाला? जे लातुरात राहणाऱ्यालाच माहीत असतं, त्याला मात्र अजून भाव आहे. लातूर पॅटर्नमुळे दरवर्षी बाहेरगावची मुलं इथे अकरावी-बारावीला येतात. त्यांच्या आईवडिलांना होस्टेल, मेस, पाणी, रिक्षा ह्याबद्दल खरी माहिती पाहिजे असते आणि प्रत्यक्ष चौकशी करून लिहिलेली ती फारशी कुठे मिळत नाही. सोयाबीन आणि तुरीच्या बाजारभावाचा आकडा सगळे देतात, पण ओलाव्यामुळे भाव का पडला हे यार्डात उभं राहून समजावणारं कुणी नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेल्या ह्या शहरात घरोघरी पाणी कसं साठवतात, पुनर्भरण कसं करतात, हे सिव्हिलवाल्यांनी लिहावं. २०२१ मध्ये एआयसीटीईने प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. तेव्हा थर्मोडायनॅमिक्स सोप्या मराठीत समजावणाऱ्यालाही जागा आहे.

नातेवाईक म्हणतात, "मुलींसाठी बरंय, घरबसल्या टाइमपास." मला हे पटत नाही. आठवड्याला दोन चांगले लेख म्हणजे फोन करणं, फिरणं, फोटो काढणं, तपासणं आणि मग लिहिणं. टाइमपास करणाऱ्याच्या हातून हे होत नाही. पहिलं वर्ष जवळजवळ बिनपगारी जातं, म्हणून कॉलेजात असतानाच सुरू करणं शहाणपणाचं, कारण आता जेवण घरचं आहे. आपल्या बाबांना हे समजवायचं तर भाषण नको. वही दाखवा. जमा, खर्च, वाचक, सगळं पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. हे धंद्याचं उत्पन्न आहे, त्याचं इन्कमटॅक्स रिटर्न तसंच भरावं लागतं. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, ती चिंता सध्या सीएकडे सोडा.

शेवटी पत्त्याबद्दल. ॲडसेन्समध्ये १० डॉलर जमले की गूगल एक पिन नंबर साध्या पोस्टाने घरी पाठवतं. पत्र यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. तेव्हा फॉर्म भरताना घर नंबर, गल्ली, जवळची खूण आणि आपला पिनकोड नीट लिहा आणि आपल्या भागातल्या पोस्टमनकाकांना आधीच सांगून ठेवा.