फ्लिकचा झटका आणि अंगठ्याची कळ

शहाद्याहून एका पालकांनी विचारलं आहे: मुलगा बारावीत आहे, संगणकावर व्हॅलोरंट खेळतो. रोज रात्री ‘एम’ची, म्हणजे नेमाची, प्रॅक्टिस चालते आणि आता सकाळी पेन धरताना अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. गेम कायमचा बंद करू का?

मुलांच्या खेळाला सरसकट नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. आधी तो माउस कसा धरतो ते बघा.

या खेळात फ्लिक नावाचं कसब आहे. शत्रू पडद्याच्या कडेला दिसला की एका झटक्यात क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, त्याच्या डोक्यावर न्यायचा आणि तिथेच क्लिक करायचं. हालचाल असते दोन तुकड्यांची: आधी मोठा झटका, मग टोकाशी बारीक दुरुस्ती. मोठं काम खांद्या-कोपराचं, बारीक काम मनगटाचं आणि बोटांचं. आपली मुलं दोन्ही कामं मनगटावर टाकतात, कारण सेन्स, म्हणजे माउसची संवेदनशीलता, अवाच्या सवा वाढवलेला असतो.

हिशेब सांगतो. माउस ८०० डीपीआयवर आणि गेममधला सेन्स ०.३५ असेल, तर पूर्ण गोल वळायला माउस सुमारे ४७ सेंटिमीटर सरकवावा लागतो. तेच १६०० आणि १ ठेवलं तर जेमतेम ८ सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत कोपर हलणार कुठून? नावाजलेले बहुतेक खेळाडू पहिल्या आकड्याच्या आसपास खेळतात. सेन्स टप्प्याटप्प्याने खाली आणा. काही दिवस नेम चुकेल, रँक घसरेल, मुलगा घर डोक्यावर घेईल. घेऊ द्या.

खरी अडचण टेबलाची असते. कॉम्प्युटर टेबलाच्या सरकत्या फळीवर कीबोर्डशेजारी माउसला वीतभर जागा उरते आणि कोपर हवेत लोंबकळतं. माउस वरच्या टेबलावर घ्या, मोठा पॅड अंथरा, मनगटापासून कोपरापर्यंतचा बराचसा हात टेबलावर टेकू द्या. प्लास्टिकची खुर्ची बुटकी पडत असेल तर मनगट वरच्या बाजूला मुडपतं. बुडाखाली गोधडीची घडी घातली की काम भागतं.

आता कळ. अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे झुकवा. अंगठ्याच्या बुडाशी चमक निघाली तर तिथल्या स्नायुबंधांचं आवरण सुजलेलं असण्याची शक्यता मोठी. नंदुरबारला मिरचीच्या हंगामात दिवसभर देठं खुडणाऱ्या बायकांनाही हाच त्रास होतो. त्यांना कोणी खेळाडू म्हणत नाही, दुखणं मात्र तेच. दोन्हीकडे अंगठ्याची चिमूट सतत आवळलेली असते. संघातला शेवटचा गडी उरला की मुलं माउस अशी आवळतात की नखं पांढरी पडतात. त्यावर उपाय खेळातच आहे: प्रत्येक फेरीआधी खरेदीला निदान ३० सेकंद मिळतात. बंदूक घेऊन झाली की हात माउसवरून उचलायचा, बोटं सैल सोडायची, खांदे खाली आणायचे. कळ असेपर्यंत मात्र प्रॅक्टिस बंद आणि अंगठ्याला आधार देणारा पट्टा.

दुखत असताना रेटून खेळल्याने हात तयार होत नाही. काउंटर-स्ट्राइक या गेमचा नामवंत स्वीडिश खेळाडू ओलोफ काजब्यर २०१६ मध्ये हाताच्या दुखापतीमुळे काही काळ बाहेर बसला होता. दुसऱ्या एका गेममधला चीनचा जियान झिहाओ, खेळातलं नाव उझी, २०२० मध्ये २३व्या वर्षी निवृत्त झाला; कारणांत हाताच्या दुखण्याबरोबर मधुमेहही होता. रात्री उशिरापर्यंत बसणं, अवेळी खाणं आणि व्यायामाला सुट्टी यांचा हिशेब पालकांनी यावरून करावा.

हात बरा झाला की प्रॅक्टिस वीस मिनिटांची पुरे, तीही ताज्या मेंदूने. लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथे पोचायला वेळ लागतो, हे पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच मांडलं. म्हणून आधी सावकाश आणि अचूक, वेग मागाहून. शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते. रात्री दोनपर्यंत बॉट, म्हणजे सरावाचे यांत्रिक शत्रू, मारून सकाळी सातला क्लास गाठणारा मुलगा कमावलेलं तिथेच घालवतो. वर एनर्जी ड्रिंक ढोसलं तर कॅफिनने हात थरथरतो. नेमबाजाला हे कुणी सुचवलं कोण जाणे.

अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल, करंगळी बधिर राहत असेल, हातातून कप निसटत असेल, तर मलमं चोळत बसू नका आणि हाड बसवणाऱ्याकडून मनगट ओढून घेऊ नका. तिथे नस दाबली जात असण्याची शक्यता असते. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि जाताना मुलाबरोबर त्याचा माउसही न्या.