पठारावरचे नऊ आठवडे

द्वितीय वर्षाला आम्हाला अध्ययनाच्या आलेखाचे प्रकरण होते. टंकलेखन शिकणारा मुलगा सुरुवातीचे काही आठवडे झपाट्याने पुढे जातो. मग एका टप्प्यावर त्याची गती अडते आणि सराव चालू असूनही आलेखाची रेषा आडवी धावू लागते. या आडव्या तुकड्याला 'पठारावस्था' म्हणतात. बाईंनी ती रेषा फळ्यावर काढली तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी "कास!" असे ओरडले आणि सारा वर्ग हसला. साताऱ्याच्या मुलांना पठार म्हटल्यावर दुसरे काय आठवणार? परीक्षेत या प्रश्नाला मला दहापैकी आठ गुण पडले. पण पठारावस्था म्हणजे काय हे मला खरे कळले ते गेल्या हिवाळ्यात, वजनकाट्यावर उभे राहून.

गेल्या जूनमध्ये महाविद्यालयात आरोग्य तपासणीचे शिबिर झाले. माझी उंची 155 सेंटिमीटर, वजन 72 किलो, आणि मागच्या तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारा एचबीएवनसी हा आकडा 6.1 निघाला. तो 5.7 च्या खाली असावा लागतो, 6.5 झाला की मधुमेह धरतात. वयाच्या विसाव्या वर्षी मी मधल्या पट्टीत उभी होते. माझ्या आजीचे, म्हणजे आईच्या आईचे, उजवे पाऊल मधुमेहाने गेले होते. ती पलंगावर बसून भाजी निवडायची आणि कोणी आले की पदराने पाय झाकून घ्यायची. मैत्रिणींच्या इतक्या वर्षांच्या चेष्टेने जे झाले नव्हते ते शिबिराच्या त्या एका कागदाने झाले.

जुलैपासून मी सुरुवात केली. साखरेचा चहा बंद, दोन्ही वेळा एकच भाकरी, भात फक्त रविवारी, आणि रोज पहाटे चार भिंतींपर्यंत चढून परत. पहिल्या दोन आठवड्यांतच वजन अडीच किलोने उतरले. मला स्वर्ग दोन बोटे उरला. चौदा आठवड्यांनी, ऑक्टोबरच्या मध्यावर, काटा 65 वर आला. आणि तिथेच थांबला.

माझ्या वहीत पुढचे आकडे असे आहेत: 65.2, 64.9, 65.4, 65.0, 65.3. नऊ आठवडे हाच खेळ. दिवाळीतही मी दोन चकल्यांच्या पलीकडे गेले नव्हते. चालणे तेच, भाकरी तीच, चहा बिनसाखरेचाच. मग काट्याला झाले काय? पहिले दोन आठवडे मी काट्यावर संशय घेतला, नंतरचे सात स्वतःवर. आत्या म्हणाली, "आपल्या घराण्याची हाडंच जाड." एक मैत्रीण म्हणाली, तुझे चयापचय बंद पडले आहे. चयापचय बंद पडलेला माणूस स्मशानात असतो, हे तेव्हा मला सुचले नाही. नवव्या आठवड्यात मी रात्रीचे जेवण सोडले आणि सकाळी अर्धी भाकरी व ताक एवढ्यावर आले. सहाव्या दिवशी प्रात्यक्षिकाच्या तासाला माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी बाकावरून खाली घसरले.

बाईंनी लिंबूपाणी दिले, मला घरी पोहोचविले आणि दुसऱ्या दिवशी बोलावून घेऊन एवढेच म्हटले, "ज्या विषयात प्रयोग करायचा त्याचे आधीचे संशोधन आपण वाचतो की नाही? मग स्वतःच्या शरीराला तो नियम का नाही?" प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. उशिरा दिलेले.

प्रथम आमच्या पाठ्यपुस्तकातील पठाराविषयी. ते अमेरिकेतील ब्रायन व हार्टर यांच्या 1897 आणि 1899 मधील लेखांतून आले. तारायंत्रावर काम शिकणाऱ्यांची गती त्यांनी आठवड्यागणिक मोजली. संदेश पाठविण्याची गती सतत वाढत गेली, पण संदेश घेण्याची गती मध्येच अडून राहिली. त्यांचे म्हणणे असे की या काळात शिकणारा आतून सुटी अक्षरे सोडून शब्द व वाक्ये ऐकण्याची सवय बांधत असतो. ती बांधून झाली की रेषा पुन्हा चढू लागते. मला हे फार आवडले होते. पठारावर आपण थांबलेलो दिसतो, पण आत काही घडत असते! वजनालाही हेच लागू असेल अशी मी समजूत करून घेतली असती. पण 1958 साली फ्रेड केलर या मानसशास्त्रज्ञाने एका लेखात या पठाराला चक्क 'भुताचे पठार' ठरविले. पठार हा शिकण्याचा अटळ टप्पा नव्हेच, असा त्याचा दावा. तेव्हा दाखला वापरण्याआधी माझे पठार तरी खरे आहे की भुताचे, हे पाहणे भाग होते.

ते काही अंशी भुताचे निघाले. शरीरात यकृतात व स्नायूंत साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे कमी केले की आधी हा साठा उतरतो आणि त्याबरोबर पाणी जाते. माझे पहिले अडीच किलो बरेचसे पाणीच होते. ज्या वेगाने मी हुरळले तो वेग मेदाचा नव्हताच. उलट मीठ जास्त झाले, नवा व्यायाम केला किंवा पाळी जवळ आली की पाणी साठते आणि काटा एक-दीड किलो सहज वर ठेवतो. (हे वाचून मुलांनी लाजायचे कारण नाही. आपल्या बहिणी काट्यावरून उतरून का चिडतात ते तरी कळेल.) मी आठवड्यातून एकदा, सोमवारी, वजन करीत होते. म्हणजे महिन्यातले चार आकडे, त्यांतले एक-दोन पाण्याचे. एवढ्यावर मी स्वतःला दोषी ठरवीत होते.

पण नऊ आठवडे पाण्यावर ढकलता येत नाहीत. मेदाच्या एका किलोत सुमारे 7700 उष्मांक असतात. यावरून लोक हिशेब मांडतात की रोज 500 उष्मांक कमी खाल्ले की पंधरा-सोळा दिवसांत एक किलो, वर्षात जवळजवळ चोवीस किलो. हा हिशेब चुकतो, कारण शरीर हे न बदलणारे माप नव्हे. 65 किलोचा देह चार भिंतींची चढण चढताना 72 किलोच्या देहाइतके इंधन जाळत नाही. त्याला बसून राहायलाही कमी लागते. शिवाय उपासमारीची चाहूल लागली की शरीर त्याहूनही थोडी जास्त काटकसर करते.

ही काटकसर किती दूर जाते ते मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी 1944-45 साली पाहिले. युद्धसेवेस तत्त्वतः नकार देणारे 36 तरुण स्वखुशीने या प्रयोगात आले. चोवीस आठवडे त्यांना रोज सुमारे 1570 उष्मांक मिळाले, आणि त्यांचे वजन जवळजवळ एक-चतुर्थांश उतरले. त्यांचे हातपाय गार पडत, ते चिडत, उदास होत, ताटे चाटून पुसत, आणि ज्यांनी कधी चूल पेटविली नसेल ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. नोव्हेंबरभर मी रात्री अंथरुणात मोबाईलवर पुरणपोळीच्या आणि बासुंदीच्या कृती पाहत होते. एकही करून न पाहता. मला तो चारित्र्याचा दोष वाटत होता.

मला सर्वांत उपयोगी पडला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांचा 2016 चा अभ्यास. मधुमेहावरचे एक औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकते. ते घेणाऱ्या माणसांचे उष्मांक त्यांच्या नकळत रोज वाया जात होते, आणि वर्षभर त्यांचे वजन पाहून ती किती खात असावीत हे गणिताने काढता आले. निष्कर्ष असा: एक किलो वजन उतरले की शरीराचा रोजचा खर्च 20 ते 30 उष्मांकांनीच घटतो, पण भूक मात्र रोज सुमारे 100 उष्मांकांनी वाढते. माझ्या सात किलोंना हे लावून पाहा. खर्च फार तर दोनशेने घटला. भूक सातशेने वाढली. म्हणजे 'चयापचय मंद झाले' हे त्या गोष्टीतले धाकटे पात्र होय. थोरले पात्र भूक, आणि ती ओरडत नाही. ती हात किंचित सैल करते.

माझा हात सैल झाला असेल हे मला मान्य नव्हते. माझ्याकडे वही होती! मग 1992 मधला न्यूयॉर्कचा एक अभ्यास वाचला. 'आम्ही बाराशे उष्मांकांहून कमी खातो तरी वजन उतरत नाही' असे सांगणाऱ्यांचे खाणे तेथे वेगळ्या रीतीने तपासले. त्यांचे चयापचय नेहमीसारखेच निघाले. ते आपले खाणे सरासरी 47 टक्क्यांनी कमी सांगत होते आणि हालचाल 51 टक्क्यांनी जास्त. ती माणसे खोटारडी नव्हती.

म्हणून डिसेंबरात मी एक छोटा काटा घेऊन स्वयंपाकघरात बसले. जुलैत माझ्या भाकरीला 50 ग्रॅम पीठ लागत होते, ते मी तेव्हा मोजून लिहिले होते. आता आईने परातीत घेतलेले पीठ भरले 85 ग्रॅम. भाजीत पडलेले शेंगदाण्याचे कूट माझ्या वाट्याला रोजचे वीसेक ग्रॅम. दोन भाकऱ्यांचे वाढीव पीठ आणि कूट मिळून साडेतीनशे उष्मांक होतात. माझी उरलेली तूट बरोबर तेवढ्यातच बुडत होती.

मी आईकडे पाहिले. ती पीठ मळीत म्हणाली, "दसऱ्यापासून तुझ्या गळ्याची हाडं दिसायला लागली. मला बघवेना. म्हणून मूठभर जास्त घेत होते." मला आधी राग आला, आणि मग आजी आठवली. शेवटच्या वर्षात आजी झरझर वाळत गेली होती. तिचे पाय धुणे, अंग पुसणे सारे आईनेच केले. अंग उतरणे म्हणजे आजार, एवढेच आईने पाहिले होते. आजाराच्या भीतीने मी भाकरी लहान केली, आणि त्याच भीतीने तिने ती मोठी केली.

त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदा माझ्या तपासणीचा कागद घेऊन बसलो. आठवड्याभराने एका आहारतज्ज्ञ बाईंकडे दोघी मिळून गेलो. त्यांनी रात्रीचे जेवण परत सुरू करायला लावले. मटकीची उसळ, दही, अंडी वाढविली, कारण खाणे कमी असताना प्रथिने व थोडा जोर लावण्याचा व्यायाम नसेल तर मेदाबरोबर स्नायूही जातो. वजन रोज करून आठवड्याची सरासरी तेवढी लिहायची असे ठरले. आणि कमरेला टेप लावायचा. त्याचे कारण पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात आहे. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि इंग्रज सहकारी युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा 9.1 टक्के आणि याज्ञिक यांचा 21.2 टक्के. आपल्या लोकांत वजनकाटा किती झाकून ठेवतो हे यावरून दिसते. शिंप्याकडच्या मापाप्रमाणे माझी कंबर जुलैत 94 सेंटिमीटर होती. जानेवारीत ती 87 भरली. भारतीय स्त्रियांसाठी मर्यादा 80 ची आहे, म्हणजे अजून वाट बरीच आहे.

ब्रायन आणि हार्टरचा दाखला मी शेवटी सोडून दिला. तारायंत्र शिकणाऱ्याचे पठार संपले की तो वर चढतो. वजनाचे पठार हे कधीकधी शरीराचा आणि आहाराचा झालेला तह असतो, आणि पुढे काहीच नसते. कुठले पठार कुठल्या जातीचे, हे मोजल्याशिवाय कळत नाही. लेख छापायला देताना माझी आठवड्याची सरासरी 63.6 आहे, त्याआधीचे दोन आठवडे 63.7 आणि 63.5. कदाचित हे दुसरे पठार असेल. एचबीएवनसी 5.7, अगदी उंबऱ्यावर. पुढची तपासणी जूनमध्ये. आई आता पीठ काट्यावर घेते, आणि काटा 50 दाखवू लागला की एकदा माझ्याकडे बघते.