मंगळावरून उत्तर यायला किती वेळ लागतो?

प्रश्न : मी आंबिवलीत राहते, शाळेतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली. आमच्या भागातल्या चार तरुण मुलांनी लोकवर्गणीतून मराठीत विज्ञानकथेचं कॉमिक काढलं आहे. त्यांनी ऑनलाइन आवाहन केलं तेव्हा मीही पाचशे रुपये भरले होते. आता इथल्या वाचनालयाने दिवाळीनिमित्त नव्या पुस्तकांची छोटी स्पर्धा ठेवली आहे, त्यात हे कॉमिक आहे आणि मी परीक्षक आहे. मी शेवटचं कॉमिक वाचलं ते वेताळाचं. हे जोखायचं कसं? आणि माझेच पैसे ज्यात आहेत त्याला मी गुण द्यावेत का? चार पानांच्या झेरॉक्स सोबत पाठवते.
— एक वाचक, आंबिवली

उत्तर : पाचशे रुपयांचं आयोजकांना आजच सांगून टाका. ते म्हणाले की या एका पुस्तकाचे गुण बाकीचे परीक्षक देतील, तर तसं होऊ द्या. चालेल म्हणाले, तर निःशंक मनाने बसा. पैसे दिले म्हणून तुम्ही त्या पुस्तकाच्या भागीदार झालेल्या नाहीत. आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरून पुस्तकाची वाट पाहणारे वाचक पिढ्यानपिढ्या आहेत. केतकरांचा २३ खंडांचा ज्ञानकोश भागधारक आणि आगाऊ वर्गणीदार यांच्या बळावर उभा राहिला. ‘मंथन’ (१९७६) हा चित्रपट गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन काढला. पैसे देणाऱ्याला चांगलं-वाईट म्हणायचा हक्क असतोच, थोडा जास्तच असतो.

खरी अडचण पैशांची नाही, ओळखीची आहे. मुलं गल्लीतली, त्यांचे आईवडील रोज स्टेशनवर भेटणारे. यावर आपल्याच विज्ञानकथेच्या इतिहासात एक सुंदर उदाहरण आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर; स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव घेतलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये ही त्यांची काळजी होती, तुमची काळजी तीच उलट्या बाजूने आहे. म्हणून घरातल्या कोणाला तरी मुखपृष्ठाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायला सांगा आणि आभाराचं पान क्लिपने बंद करा. देणगीदारांच्या यादीत स्वतःचं नाव दिसलं की माणूस हळवा होतो. पहिलं वाचन असंच होऊ द्या.

आता पुस्तकाकडे. विज्ञानकथा जोखताना मी एकच प्रश्न आधी विचारतो : यातलं विज्ञान काढून टाकलं तर काय उरतं? तुमच्या झेरॉक्समध्ये मुलगी मंगळावरच्या वसाहतीत यंत्रं दुरुस्त करते आणि आई इथे आंबिवलीत आहे. खिडकीतून मोहन्याच्या बंद पडलेल्या कारखान्याची चिमणी दिसते. ती चौकट मला फार आवडली. पोरांनी ती चिमणी रोज पाहिलेली आहे हे रेषेत कळतं. पण पुढच्या पानावर आई फोनवर विचारते, “जेवलीस का?” आणि त्याच चौकटीत दुसऱ्या फुग्यात मुलगी म्हणते, “हो गं, आत्ताच.” इथे मी थांबलो. मंगळ काढा, मस्कत घाला. संवादात काना-मात्रेचाही फरक पडत नाही. मग मंगळ हा नुसता मागचा पडदा झाला.

पृथ्वी आणि मंगळ यांच्यातलं अंतर सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरपासून चाळीस कोटींपर्यंत बदलत असतं. रेडिओसंदेश प्रकाशाच्या वेगाने जातो, तरी त्याला एका बाजूने ३ ते २२ मिनिटं लागतात. म्हणजे मंगळ सर्वांत दूर असताना “जेवलीस का?” याचं उत्तर यायला जवळपास पाऊण तास. कल्याणहून जलद लोकल दादरच्या आसपास पोचते तेवढा वेळ. हा उशीर कुठल्याही तंत्रज्ञानाने कमी होणार नाही. विज्ञानाने या मुलांच्या हातात आयती गोष्ट दिली होती.

आणि कॉमिक हे माध्यम तर यासाठीच जन्माला आल्यासारखं आहे. दोन चौकटींमधली ती पांढरी पट्टी असते ना, तिथे काळ राहतो. ती पट्टी सेकंदाची की वर्षाची, हे पुढची चौकट पाहून वाचक मनात ठरवतो. आईने प्रश्न विचारला, पुढच्या चौकटीत ती कुकर लावते, पुढच्या चौकटीत शिट्टी, मग दोरीवरचे कपडे काढते, मग कसाऱ्याकडे जाणारी गाडी, मग अंधार, दिवा, आणि मग मुलीचा फुगा, “हो गं, आत्ताच.” शब्द तेच, पण वाचताना घशात काहीतरी अडकेल. म्हणून कॉमिक जोखायची दुसरी कसोटी अशी : चित्र झाकून नुसते फुगे वाचा. गोष्ट पूर्ण कळली तर चित्रं उगाच काढली आहेत.

विज्ञानाच्या चुका शोधताना मात्र हात सैल ठेवा. निर्वात अवकाशातल्या स्फोटावर “धडाम” लिहिलं आहे, त्याचे गुण मी कापणार नाही. तो आवाज वाचकासाठी आहे, पात्रांना तो ऐकू आल्यासारखं दाखवलं असेल तरच हरकत घ्या. रंग तुम्हाला मूळ प्रतीतच पाहावे लागतील. मंगळावर दिवसाचं आकाश पिवळट-तांबूस असतं आणि सूर्य मावळताना त्याच्याभोवती निळसर झळाळी येते, कारण तिथली बारीक धूळ निळा प्रकाश सूर्याच्या दिशेकडून आपल्याकडे जास्त पोचू देते. सूर्यास्त निळा रंगवला असेल तर समजा, पोरांनी अभ्यास केला आहे. टिटवाळ्याच्या पुलावरून दिसतो तसा केशरी असेल तर थोडे गुण कमी करा.

एका गोष्टीवर मात्र मी कडक राहीन, ती म्हणजे अक्षरं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-रुकार लागतात, त्यामुळे दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा जास्त जागा हवी. तुमच्या तिसऱ्या झेरॉक्समध्ये “पृष्ठभागावर” यातला रुकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसला आहे. फुगा आधी इंग्रजी मजकुराच्या मापाने आखला आणि मराठी त्यात कोंबलं की असं होतं. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालं. त्याच्या मराठी अंकांवर वाढलेल्या आपल्या पिढीला हा दाटीवाटीचा फुगा ओळखीचा आहे. तेव्हा ती मुळात परक्या भाषेतली गोष्ट होती, ही मराठीतच सुचलेली आहे. इथे सवलत नको.

लोकवर्गणीचा हिशेब गुणपत्रिकेत आणू नका. पुस्तक उशिरा आलं का, कबूल केलेली पानं भरली का, हे तुम्ही वर्गणीदार म्हणून वेगळं विचारा. उशीर म्हणजे फसवणूक असंही लगेच धरू नका. अमेरिकेत रिच बर्ल्यू या चित्रकाराला २०१२ मध्ये त्याच्या कॉमिकसाठी वाचकांनी साडेबारा लाख डॉलरहून जास्त दिले, मागितले होते साठ हजाराच्या आत. त्याच वर्षी त्याच्या हाताला मोठी दुखापत झाली आणि काम लांबलं. वाचक थांबले, कारण काय झालं ते त्याने सांगितलं होतं. तुमच्या मुलांनी उशिराचं कारण कळवलं होतं का, एवढं पाहा.

चिमणीच्या त्या चौकटीला मी भरभरून गुण देईन. फोनच्या पानाला फार कमी. निकाल लागला की मुलांना घरी बोलवा, चहा द्या आणि ते पान समोर ठेवून आईच्या प्रश्नानंतरच्या रिकाम्या चौकटी त्यांच्याकडूनच काढून घ्या. पेन्सिल तयार ठेवा. दुसरा अंक काढायचा असेल तर माझ्या वर्गणीचे पाचशे रुपये तुमच्या हाती देतो म्हणून सांगा.