९६ गुण मिळवूनही तिथेच!

प्रश्न : माझा मुलगा शिकायला म्हणून इंग्लंडमधल्या यॉर्कला गेला आणि तिथल्या यॉर्क सिटी फुटबॉल संघाचा कट्टर पाठीराखा होऊन बसला. २०२४-२५च्या हंगामात या संघाने ९६ गुण मिळवले, दुसरा नंबर काढला, तरी त्यांना वरची श्रेणी मिळाली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, “आई, ते सांगायला बसलो तर मलाच रडू येईल.” तुम्ही तरी सांगा. (एक आई, कोल्हापूर)

ताई, शाहू स्टेडियमवर पेठेच्या तालमीसाठी घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या गावातून मुलगा तिकडे गेला आहे. लागण घरूनच झालेली दिसते. त्यामुळे वेडाबद्दल काही बोलत नाही, फक्त हिशोब सांगतो. मीही याच संघाचा पाठीराखा आहे, तेव्हा हिशोब जरा तिखट वाटला तर चालवून घ्या.

यॉर्क सिटी ज्या स्पर्धेत खेळत होता तिचं नाव नॅशनल लीग. संघ २४, प्रत्येकाचे सामने ४६. पहिला येईल तो थेट वरच्या श्रेणीत, म्हणजे लीग टूमध्ये जातो. आणखी एकच जागा उरते आणि तिच्यासाठी दुसऱ्या ते सातव्या क्रमांकाच्या सहा संघांत बाद फेरी होते. तिला प्ले-ऑफ म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्याला सवलत एवढीच, की ते थेट उपांत्य फेरीत खेळतात आणि तेही घरच्या मैदानावर. पण सामना एकच. परतीचा सामना नाही.

त्या वर्षी बार्नेट १०२ गुण घेऊन पहिला आला आणि वर गेला. यॉर्कची गाठ पडली पाचव्या क्रमांकाच्या ओल्डहॅमशी. ओल्डहॅम गुणांत वीसहून जास्त मागे होता, पण त्याने यॉर्कच्या घरी येऊन ३-० असा विजय मिळवला. पुढे वेम्बलीवर जादा वेळेत साउथएंडला ३-२ हरवून वरची जागाही त्यानेच पटकावली. यॉर्कची ४६ सामन्यांची कमाई एका संध्याकाळी संपली.

मीठ चोळायचंच असेल तर आणखी एक आकडा देतो. मॅकल्सफील्ड २०१८ मध्ये ९२ गुणांवर विजेता ठरला, लेटन ओरिएंट २०१९ मध्ये ८९ गुणांवर आणि स्टॉकपोर्ट २०२२ मध्ये ९४ गुणांवर. यॉर्कचे ९६ गुण यांपैकी कुठल्याही वर्षी मिळाले असते तर मुलाने तुम्हाला आनंदाने फोन केला असता.

प्रश्न : ‘नॉन-लीग’ म्हणजे दिवसा नोकरी करून रविवारी खेळणारी हौशी मंडळी ना? मग एवढा जीव कशाला टाकायचा? (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

गुरुजी, नाव फसवं आहे. प्रीमियर लीगचे २० आणि तिच्याखालच्या फुटबॉल लीगच्या तीन श्रेणींतले ७२ मिळून ९२ संघ होतात. या ९२ च्या खालचं सगळं नॉन-लीग. तळाकडे तुम्ही म्हणता तशी हौशी मंडळी आहेतच. पण नॅशनल लीगच्या वरच्या भागातले बहुतेक संघ पूर्णवेळ व्यावसायिक असतात आणि त्यांतल्या काहींची वंशावळ भल्याभल्यांना लाजवील अशी असते.

नॉट्स काउंटीची स्थापना १८६२ची. फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या संघांपैकी तो एक. इटलीचा युव्हेंटस आज ज्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी ओळखला जातो, ते पट्टेसुद्धा नॉट्स काउंटीकडून गेलेले. तो २०१९ मध्ये नॉन-लीगमध्ये घसरला. प्रीमियर लीग १९९२ मध्ये सुरू झाली तेव्हा ओल्डहॅम तिच्यात होता. तीस वर्षांनी, २०२२ मध्ये, नॉन-लीगमध्ये उतरणारा तो पहिला माजी प्रीमियर लीग संघ ठरला.

यॉर्कचंही तसंच. सप्टेंबर १९९५ मध्ये लीग कपच्या सामन्यात या संघाने मँचेस्टर युनायटेडला ओल्ड ट्रॅफर्डवर ३-० असं हरवलं होतं. किटकॅट ज्या कारखान्यात जन्मलं तो यॉर्कचाच. किटकॅटच्या प्रायोजकतेपोटी संघाचं जुनं मैदान बूथम क्रेसेंट काही वर्षं अधिकृतपणे ‘किटकॅट क्रेसेंट’ नावाने ओळखलं जात होतं. पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांनी त्यावर काय काय विनोद केले असतील, ते तुम्हीच ठरवा.

अशा संघाच्या पाठीराख्याला बढती हे बक्षीस वाटत नाही. ‘आमची जागा आम्हाला परत द्या’ अशी ती मागणी असते. म्हणून जीव टाकतात.

प्रश्न : पण वर जायला दोनच जागा का? वरच्या श्रेण्यांत तर तीन-चार संघ जातात. (महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक)

नेमकं दुखणं तेच आहे. लीग टूमधून दरवर्षी चार संघ लीग वनमध्ये जातात आणि तिथून चार खाली येतात. त्यावरच्या श्रेण्यांत तीन-तीन. नॅशनल लीगमधूनही खालच्या उत्तर-दक्षिण विभागांत दरवर्षी चार संघ घसरतात. म्हणजे पडायला जागा चार आणि चढायला दोन.

कारण इतिहासात आहे. १९८६ पर्यंत फुटबॉल लीगमध्ये खालून वर जाणं खेळावर ठरतच नव्हतं, मतांवर ठरायचं. तळाचे चार संघ पुन्हा अर्ज करायचे, बाहेरचे संघही अर्ज करायचे आणि आतलेच क्लब मतदान करायचे. आपल्या शेजाऱ्याला बाहेर काढून अनोळखी माणसाला घरात घ्यायला किती जण तयार होतील? हेरफर्डने १९७२ मध्ये एफए कपमध्ये न्यूकॅसलला हरवून देशभर नाव केलं, तेव्हा कुठे त्याला प्रवेश मिळाला. मतांच्या जोरावर आत आलेला शेवटचा संघ १९७८ चा विगन.

१९८६-८७ पासून विजेत्याला थेट बढती मिळू लागली. पहिला मानकरी स्कारबरो, तोही यॉर्कशरचाच. पण दार उघडलं तरी उंबरठा उंच होता. किडरमिन्स्टर १९९४ मध्ये, मॅकल्सफील्ड १९९५ मध्ये आणि स्टीव्हनेज १९९६ मध्ये विजेते ठरले, तरी मैदान निकषांत बसत नाही म्हणून तिघांनाही खालीच राहावं लागलं. दुसरी जागा मिळायला २००३ उजाडलं.

तिसऱ्या जागेसाठी नॅशनल लीगच्या तिन्ही विभागांतले सगळे ७२ क्लब २०२५ मध्ये एकत्र आले आणि ‘थ्री अप’ नावाची मोहीम त्यांनी उघडली. अडचण एवढीच, की हा निर्णय वरच्यांच्या संमतीशिवाय होत नाही. लीग टूच्या तळाशी असलेल्या क्लबला विचारा, तीन जण घसरावेत असं त्याला का वाटेल? खाली गेलं की प्रक्षेपणाच्या पैशातला मोठा वाटा तुटतो. १९८६ पूर्वी मतपेटी होती, आज बैठका आहेत. किल्ली आतल्यांच्याच खिशात आहे.

प्रश्न : दुसरा आलेला संघ प्ले-ऑफमध्ये हमखास हरतो असं ऐकलं. हे खरं की रडगाणं? (एक फुटबॉलवेडा, ठाणे)

थोडं खरं, थोडं रडगाणं. २०१८ ते २०२५ या आठ प्ले-ऑफमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या संघाने बढती मिळवली ती तीनदा : ट्रॅनमीअर, हॅरोगेट आणि नॉट्स काउंटी. उरलेल्या पाच वेळा तिसऱ्यापासून सहाव्या क्रमांकापर्यंतचं कुणीतरी वर गेलं. २०२२ मध्ये सहावा आलेला ग्रिम्स्बी आधी नॉट्स काउंटीकडे जिंकला, मग दुसऱ्या क्रमांकाच्या रेक्सहॅमला त्यांच्याच मैदानावर ५-४ असं हरवून आला आणि अंतिम सामनाही जिंकला. तिन्ही सामने जादा वेळेत गेले.

दुसऱ्याची पंचाईत अशी, की मुख्य हंगाम संपल्यावर त्याला वाट पाहत बसावं लागतं. समोरचा मात्र नुकताच एक बाद सामना जिंकून तापलेला असतो. त्याच्याकडे गमावण्यासारखं काही नसतं. घरच्या प्रेक्षकांना मात्र वर्षभराची कमाई डोळ्यांपुढे दिसत असते, आणि पहिला गोल बसला की स्टँडमध्ये जी शांतता पसरते ती खेळाडूंनाही ऐकू येते.

सगळ्यात अघोरी हंगाम २०२२-२३चा. हॉलिवूडचे दोन अभिनेते मालक झालेला रेक्सहॅम १११ गुणांवर पहिला आला आणि १०७ गुणांवर नॉट्स काउंटी दुसरा. त्याआधीचा विक्रम १०५चा, म्हणजे दोघांनीही तो मोडला होता. एप्रिलमध्ये दोघे समोरासमोर आले. रेक्सहॅम ३-२ ने पुढे होता, जादा मिनिटांत नॉट्सला पेनल्टी मिळाली आणि ती बेन फॉस्टरने अडवली. चाळिशीतला हा गोलरक्षक निवृत्तीतून परत आला होता. १०७ गुण मिळवूनही नॉट्सला प्ले-ऑफच्या रांगेत उभं राहावं लागलं. उपांत्य सामन्यात ०-२ अशा पिछाडीवरून तो १२०व्या मिनिटाला जिंकला आणि अंतिम फेरीत पेनल्टी शूटआउटवर सुटला. न्याय झाला खरा, पण तिथवर पोचताना त्यांच्या पाठीराख्यांचं काय झालं असेल!

प्रश्न : आपल्याकडे अशी चढ-उतार का नाही? (एक वाचक, मडगाव)

अर्धी आहे. २०२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला इंडियन सुपर लीगमध्ये बढती मिळू लागली, पण सुपर लीगमधून खाली कुणी पडत नव्हतं. आणि गोवेकरांना सांगायला नको, २०२४-२५ मध्ये चर्चिल ब्रदर्सला आधी विजेता घोषित केलं गेलं, मग जुलै २०२५ मध्ये क्रीडा लवादाने तो किताब इंटर काशीला दिला. मैदानावर हरलेला पाठीराखा निदान पंचाला शिव्या देऊ शकतो. लवादाला काय देणार?

प्रश्न : शेवटचं विचारते. मुलगा म्हणतो, “पुढच्या वर्षी नक्की.” विश्वास ठेवू? (पुन्हा त्याच आई, कोल्हापूर)

‘नक्की’वर ठेवू नका, ‘पुढच्या वर्षी’वर ठेवा.

यॉर्कच्या पाठीराख्याने दोन्ही टोकं पाहिली आहेत. २००४ मध्ये संघ नॉन-लीगमध्ये पडला. आठ वर्षांनी, मे २०१२ मध्ये, त्याने आठ दिवसांत दोनदा वेम्बली जिंकलं : आधी एफए ट्रॉफी, मग ल्यूटनला २-१ हरवून बढती. चार वर्षांत पुन्हा खाली. २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली, आणि गंमत म्हणजे त्याच मे महिन्यात परत एफए ट्रॉफी हातात. त्या पायरीवरून वर यायला २०२२ उजाडलं. गुणतक्त्यातली जागा आणि संघाची लायकी यांची सांगड दरवर्षी बसतेच असं नाही, हे त्या स्टँडमधल्या शाळकरी पोरालाही कळतं.

आणि २०१२ मध्ये यॉर्ककडून हरलेल्या ल्यूटनचं पुढे काय झालं? नॉन-लीगमध्ये पाच हंगाम काढून, प्ले-ऑफमध्ये पुन्हा पुन्हा ठेचकाळून, २०१४ मध्ये तो १०१ गुणांसह पहिला आला. २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोचला. पाठीराखे असलीच उदाहरणं उराशी धरून बसतात आणि त्यांना खुळं म्हणता येत नाही, कारण उदाहरण खोटं नाही.

जाणता पाठीराखा ऑगस्टमध्ये ‘प्ले-ऑफ तरी मिळू दे’ असं मागत नाही. दर सामन्याला सरासरी दोन गुण, म्हणजे ४६ सामन्यांत ९२, ही त्याची जुनी खूणगाठ. यॉर्कने ९६ मिळवून ती पार केली आणि तरीही ती अपुरी पडली. म्हणून आता तो आपल्या गुणांकडे कमी आणि पहिल्या क्रमांकाच्या फरकाकडे जास्त पाहतो. तुम्हीही तेच करा. मार्चमध्ये मुलाला फोन कराल तेव्हा “जेवलास का?” नंतर विचारा. आधी विचारा, “पहिला कोण आहे आणि किती गुणांनी?” उत्तर ‘आपण’ असेल तर तो जेवलेला असेल. दुसरं कुणी असेल तर पुढचा प्रश्न विचारायची गरज नाही, तिकडे डबा कसा पाठवता येईल ते बघा.