एका मोठ्या संख्येची परीक्षा

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, असे दुपटीनें दाणे मांडीत गेल्यास तेहतिसाव्या घरांत २ च्या ३२ व्या घाताइतके दाणे येतात. त्यांत आणखी एक मिळविला म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या होते. हिच्याविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहिणार आहों.

फ्रान्स देशांत तुलूझ येथील न्यायसभेचा सभासद पिएर द फर्मा हा फुरसतीच्या वेळीं गणित करी. १६४० सालीं त्यानें असें मत प्रकट केलें कीं, २ चा घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा दुपटीनें वाढवीत जाऊन प्रत्येक घातांत १ मिळविला, तर येणारी प्रत्येक संख्या मूळ असते. म्हणजे १ व ती स्वतः यांवांचून कोणत्याहि संख्येनें तिला निःशेष भाग जात नाहीं. ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या पहिल्या पांच संख्या खरोखरच मूळ आहेत. सहावी ही आपली. सिद्धता आपणांजवळ नाहीं, हें फर्मानें प्रांजळपणें कबूल केलें होतें. तरी त्याच्या नांवाचा दरारा असा कीं, पुष्कळ वर्षें तें मत कोणी खोडून काढलें नाहीं.

१७३२ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें पंचवीस वर्षांच्या लेओनहार्ड ऑयलरनें दाखविलें कीं, या संख्येस ६४१ नें भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो. पालकांनीं हा गुणाकार मुलांकडून पाटीवर अवश्य करवून घ्यावा; पांच मिनिटांचें काम आहे.

पण ६४१ च कां? ६५,५३६ च्या आंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. त्या प्रत्येकीनें भागून पाहणें म्हणजे जिवावरचें काम. ऑयलरनें पुढें सिद्ध केलें कीं, या संख्येचा कोणताहि भाजक ६४ च्या पटीहून एकानें अधिक असलाच पाहिजे. अशा मूळ संख्या ओळीनें १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पांचव्याच प्रयत्नास उत्तर!

भागाकार न करितांहि हें पटवितां येतें. ६४० म्हणजे ५ × १२८, आणि १२८ हा २ चा ७ वा घात. ६४० ही संख्या ६४१ हून एकानें उणी; तिची बाकी 'उणें एक' धरूं. तिचा चतुर्घात केला कीं बाकी एक राहील. तो चतुर्घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आतां ६२५ ही ६४१ हून १६ नें उणी; म्हणून ६२५ च्या जागीं 'उणें १६' लिहूं. १६ हा २ चा ४ था घात. तेव्हां 'उणें २ चा ३२ वा घात' याची बाकी एक, अर्थात् २ च्या ३२ व्या घातांत १ मिळविल्यास ६४१ नें निःशेष भाग जातो. वर्गांत समीकरणें कंटाळवाणीं वाटणाऱ्यांनीं ही युक्ति दोनदां वाचावी.

फर्माच्या या मालिकेंतील ३२ च्या पुढील घातांकांच्याहि पुष्कळ संख्या तपासल्या गेल्या आहेत. त्यांत सहावी मूळ संख्या अद्याप कोणास सांपडलेली नाहीं. ती नाहींच, असेंहि कोणी सिद्ध केलेलें नाहीं.