जूसचा डबा म्हणजे ओआरएस नव्हे

आजचा धडा एका छोट्या डब्याचा आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या एका लहानग्याला सकाळपासून जुलाब लागले होते. आम्ही घरी पोचलो तेव्हा आजी त्याला मांडीवर घेऊन डब्यातून नळीने पाजत होती. "काळजी नको ताई, मेडिकलातून ओआरएसच आणलंय," आजी म्हणाली. आम्ही डबा हातात घेतला. पुढे सफरचंदाचं चित्र आणि ठळक ओआरएस. मागे मात्र बारीक इंग्रजीत लिहिलेलं, की हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेलं ओआरएस नाही. पोराचे डोळे खोल गेले होते. आशाताईंकडची पुडी कालवून चमच्याचमच्याने पाजतच आम्ही त्याला आरोग्य केंद्रात नेलं. पोर सावरलं. यात आजीची काही चूक नव्हती. तिला जे मोठ्या अक्षरांत दाखवलं, त्यावर तिने विश्वास ठेवला.

जूस का चालत नाही?

जुलाबात शरीरातलं पाणी आणि मीठ दोन्ही जातं. ओआरएसमध्ये साखर आणि मीठ मोजून घातलेलं असतं. आतड्यात साखर मिठाला सोबत घेऊन आत जाते आणि त्यांच्यामागे पाणी शोषलं जातं. त्यासाठी एक लिटर पाण्यात फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज पुरतं. बाजारातल्या बहुतेक फळांच्या पेयांत लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि मीठ फार कमी. इतकी साखर पोटात गेली की ती शरीरातलं पाणी उलट आतड्यात ओढते. मग जुलाब वाढतात.

ओआरएसची ताकद आपल्याच देशात दिसली. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला होता. सलाईन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचं पाणी पाजायला दिलं. ते रुग्णांच्या नातेवाइकांनीच पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

फसव्या नावाविरुद्ध हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. पण नाव बदललं तरी आतलं पेय औषध होत नाही.

डब्यात फळ किती?

आजारपण नसतानाही हा डबा वाचायला शिकू या. 'फ्रूट ड्रिंक' असेल तर नियमाप्रमाणे त्यात फळाचा रस किमान १० टक्के लागतो, लिंबाच्या पेयात ५ टक्केच. म्हणजे उरलेलं बहुतेक पाणी आणि साखर. दुसरा प्रकार 'जूस'चा. त्यातला बराचसा रस आधी आटवून घट्ट करतात आणि डबाबंद करताना पुन्हा पाणी घालतात. अशा रसावर '१०० टक्के फळांचा रस' असं छापू नका, असं एफएसएसएआयने जून २०२४ मध्येच बजावलं आहे.

डबा फिरवून मागची घटकांची यादी बघा. जे सर्वांत जास्त, ते पहिलं लिहितात. पहिलं पाणी आणि दुसरी साखर असेल, तर तुम्ही आंब्याचे नव्हे, साखरपाण्याचे पैसे मोजता. मग साखरेचा आकडा बघा. समजा १०० मिलीत १२ ग्रॅम लिहिलं आहे, तर २०० मिलीच्या डब्यात २४ ग्रॅम झाली, म्हणजे सुमारे सहा लहान चमचे. मोठ्या माणसानेही अशी साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग लेकराचं काय? त्याच पैशात एखादं केळं किंवा पेरू येतो, त्यात चोथाही मिळतो.

जुलाब लागले तर घरी काय करायचं?

१. ओआरएसची पुडी आशाताई, अंगणवाडी किंवा सरकारी दवाखान्यातून मागून घ्या. तिथे ती मोफत मिळते.

२. पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात अख्खी पुडी घाला. साखर, जूस, दूध मिसळू नका. कालवलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या.

३. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली आणि मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली हळूहळू पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा.

४. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

५. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. झिंकच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे १४ दिवस पूर्ण करा.

६. मूल सुस्त पडलं, पाणी पिईना, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसलं, तर तासभरही घरी थांबू नका.

येत्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातला एक रिकामा डबा आणावा. ज्यांना वाचता येतं त्यांनी मागची अक्षरं मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी साखरेचे चमचे मोजायचे. आणि आज संध्याकाळीच ओआरएसच्या दोन पुड्या घरात आणून ठेवा.